जेवण विकलं की वाढलं? हॉटेलच्या बिलावरच्या भांडणाची पार्श्वभूमी

कुणाला हॉटेल सुचवताना हल्ली चवीच्या पाठोपाठ बिल येतं. ‘जेवण उत्तम आहे, पण सर्व्हिस चार्ज लावतात’ हे वाक्य जेवढं चालतं, तेवढंच दुसरं एक चालतं: ‘पाण्याची बाटली छापील किमतीला देत नाहीत.’ तक्रारी दोन दिसतात, पण मुळाशी प्रश्न एकच आहे आणि तो पन्नासएक वर्षं कोर्टात फिरतो आहे. हॉटेलात आपण जेवण विकत घेतो, की आपल्याला जेवण वाढलं जातं?

खाणावळीच्या जमान्यात हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. गिरणगावात महिन्याचे पैसे मोजून दोन वेळा ताटावर बसणाऱ्याने चव आणि माया यांचा हिशेब वेगळा मागितला नाही. इराण्याकडे आणि उडुप्याकडे चहा-नाश्त्याचा दर पाटीवर असे, त्यातच सगळं आलं. प्रश्न उभा केला तो विक्री असेल तरच लागणाऱ्या विक्रीकराने.

मराठीत जिथे जेवतो ते हॉटेल आणि जिथे राहतो ते लॉज, अशी सोपी वाटणी आहे. कायद्यात ती नव्हती, म्हणून गुंता दोन टप्प्यांत झाला. 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मुक्कामाला असलेल्या पाहुण्याला राहण्याच्या एकत्रित आकारात जे जेवण मिळतं, ती विक्री नव्हे. तो पाहुणचाराचा भाग आहे. इथवर पटण्यासारखं होतं. मात्र 1978 मध्ये त्याच न्यायालयाने बाहेरून येऊन नुसतं जेवून जाणाऱ्यालाही हाच न्याय लावला. टेबल-खुर्च्या, टेबलक्लॉथ, काचेची भांडी, कुठे संगीत, असं बरंच काही रेस्टॉरंट पुरवतं, अन्न हा त्यातला एक भाग. म्हणून विक्रीकर नाही. आधाराला एक जुना अमेरिकी निकाल घेतला होता, त्यातलं तर्कशास्त्र वाचण्यासारखं आहे. गिऱ्हाइकाला फक्त खाण्याची मुभा असते, ताटातलं अन्न त्याच्या मालकीचं होत नाही आणि उरलेल्याचं त्याला हवं ते करता येत नाही. थोडक्यात, ‘उरलेलं पार्सल करून द्या’ म्हणण्याचा हक्क नाही.

निकाल आला आणि राज्यांच्या तिजोऱ्या हादरल्या. फेरविचारात न्यायालयाने थोडी सारवासारव केली: जिथे मुख्य व्यवहार अन्नाचा आहे आणि सेवा नाममात्र आहे, तिथे कर लागू शकतो. म्हणजे प्रत्येक हॉटेलाची वेगळी तपासणी. शेवटी संसदेनेच 46वी घटनादुरुस्ती केली. 1982 ची ही दुरुस्ती फेब्रुवारी 1983 पासून अमलात आली. सेवेचा भाग म्हणून दिलेलं अन्नही विक्रीच मानायचं, असं त्यात ठरलं. वाढप असो की विक्री, करापुरती ती विक्री.

पुढची जवळजवळ तीस वर्षं शांततेत गेली. मग केंद्राच्या लक्षात आलं की, विक्री राज्यांची असली तरी सेवा आपली आहे. मे 2011 पासून दारूचा परवाना आणि ए.सी. अशा दोन्ही गोष्टी असलेल्या रेस्टॉरंटवर सेवाकर आला. एप्रिल 2013 पासून दारूची अट गेली आणि नुसता ए.सी. पुरेसा ठरला. सेवाकर बिलाच्या 40 टक्के रकमेवर लागायचा आणि राज्याचा व्हॅट, म्हणजे विक्रीकराचाच नवा अवतार, मात्र पूर्ण रकमेवर. म्हणजे शंभर रुपयांच्या थाळीवर दोघांनी मिळून 140 रुपयांचा हिशेब धरला. असा हिशेब कुणा हॉटेलवाल्याने केला असता, तर आपण गल्ल्यावर हात आपटला असता.

खरी गल्लत इथून सुरू झाली. सेवाकर सरकारचा, सर्व्हिस चार्ज मालकाचा. बिलाच्या तळाशी दोन्ही एकाखाली एक, दोन्हींच्या नावात सर्व्हिस, दोन्ही टक्क्यांत. पाच किंवा दहा टक्क्यांचा सर्व्हिस चार्ज सरकारी असेल अशा समजुतीने लोकांनी तो भरला. हा गैरसमज दूर करण्याची घाई हॉटेलांना नव्हती, एवढं म्हणायला हरकत नाही.

एप्रिल 2017 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने स्पष्ट केलं की, सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, द्यायचा की नाही ते गिऱ्हाइकाने ठरवावं. जुलैमध्ये जीएसटी आला: बिगर-ए.सी.ला 12 टक्के, ए.सी.ला 18. त्याच वर्षी 15 नोव्हेंबरपासून दोन्हींना सरसकट 5 टक्के झाले, बदल्यात हॉटेलांची खरेदीवरच्या कराची वजावट गेली. करातला ए.सी.चा फरक तिथेच संपला, तरी ए.सी. विभागाचं वेगळं दरपत्रक बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे. या गडबडीत एक बदल फारसा कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. जीएसटी कायद्याने रेस्टॉरंटमधलं जेवण ही सेवा ठरवली. 1978 चा तर्क मागच्या दाराने परत आला.

त्यानंतर महिन्याभरात, 12 डिसेंबर 2017 रोजी, बाटलीचा निकाल लागला. हॉटेलात माणूस नुसती पाण्याची बाटली घ्यायला जात नाही, बसायला जातो, तेव्हा छापील किमतीची सक्ती तिथे लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. हॉटेलवाले खूश झाले. वास्तविक याच तर्काने सर्व्हिस चार्जच्या पायाखालची जमीन सरकली होती. बसण्याची, वाढण्याची, थंड हवेची किंमत बाटलीच्या आणि भाजीच्या दरात वसूल झाली असेल, तर वेगळे दहा टक्के कशाचे? हिशेब करून बघा. हजार रुपयांच्या जेवणाचं बिल जीएसटीसह 1050 होतं. दहा टक्के सर्व्हिस चार्ज धरला की ते 1155 वर जातं, कारण त्या शंभर रुपयांवरही जीएसटी लागतो.

4 जुलै 2022 ला केंद्रीय ग्राहक यंत्रणेने थेट मनाई केली: बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही. तक्रारीसाठी 1915 हा क्रमांक दिला. व्यावसायिकांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि 20 जुलैला स्थगिती मिळाली. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. हा पैसा टेबलाशी येणाऱ्या वेटरपुरता राहत नाही, भांडी घासणाऱ्यापर्यंत वाटला जातो, कामगारांशी झालेल्या करारांत तो धरलेला असतो. बक्षिशी ज्याच्या हातात पडते त्याची होते, मोरीवरच्या पोऱ्याला त्यातलं काही मिळत नाही, हे खरंच आहे. पण मग तो पैसा पगारात आणि पगार दरात का धरू नये, याचं सरळ उत्तर आलं नाही.

28 मार्च 2025 रोजी उच्च न्यायालयाने मनाई कायम केली आणि दोन्ही याचिकाकर्त्यांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्च लावला. त्यात नावाचाही विचार होता. ‘सर्व्हिस चार्ज’ हे नावच दिशाभूल करणारं असल्याने ‘ऐच्छिक योगदान’ किंवा ‘कर्मचारी कल्याण निधी’ अशा नावाला परवानगी देता येईल का ते यंत्रणेने पाहावं, असं न्यायालयाने सुचवलं. अपील लगेच झालं. ऑगस्टमध्ये खंडपीठाने सुनावणीत विचारलं की, वीस रुपयांची बाटली शंभराला विकता ती वातावरणाची किंमत म्हणून, मग सर्व्हिस चार्ज वेगळा कशासाठी?