सिस्टिम इंटेग्रिटी प्रोटेक्शन : बंद ठेवण्यातील धोके

सिस्टिम इंटेग्रिटी प्रोटेक्शन ही अ‍ॅपलच्या मॅक संगणकांतील अंगभूत सुरक्षा व्यवस्था असून ‘सिप’ हे तिचे रूढ लघुरूप आहे. २०१५ मध्ये मॅकच्या कार्यप्रणालीच्या ओएस एक्स एल कॅपिटन या आवृत्तीबरोबर ती आली. ती चालू असताना रूट या सर्वाधिकारी खात्यालाही प्रणालीच्या मुख्य फोल्डरांत फेरफार करता येत नाहीत, प्रणालीच्या चालू प्रक्रियांत परका कोड घुसवता येत नाही आणि वैध सही नसलेले कर्नल एक्स्टेन्शन, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला (कर्नलला) जोडला जाणारा कोड, चढवता येत नाही.

या कल्पनेचे मूळ कोणते, याविषयी एकमत नाही. सिपसाठी ‘रूटलेस’ हे नाव आरंभी बरेच प्रचारात होते, पण ते दिशाभूल करणारे आहे. रूट खाते नाहीसे होत नाही, त्याचे अधिकार तेवढे आक्रसतात. काहीजण तिचा वारसा बीएसडी युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीतील सिक्युअरलेव्हल, म्हणजे कर्नलची सुरक्षापातळी, आणि फाइलींवरील अपरिवर्तनीयतेच्या खुणांपर्यंत नेतात. बंधन चालू प्रणालीच्या आतून सैल करता येऊ नये, हे सूत्र सिप आणि बीएसडी या दोहोंकडे दिसते. तथापि प्रत्यक्ष अंमलबजावणी प्रोग्रॅमांना मर्यादा घालणाऱ्या सँडबॉक्स या कर्नल घटकामार्फत होते, आणि तो घटक ट्रस्टेडबीएसडी प्रकल्पातून आलेल्या अनिवार्य (वापरकर्त्याला डावलता न येणाऱ्या) प्रवेशनियंत्रणाच्या चौकटीवर उभा आहे. त्यामुळे ही दुसरी वंशावळ अधिक ग्राह्य वाटते.

सिप बंद करण्यासाठी यंत्र रिकव्हरी या दुरुस्तीच्या अवस्थेमध्ये सुरू करून टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, ‘सीएसआरयूटिल डिसेबल’ ही आज्ञा द्यावी लागते. पुन्हा चालू करेपर्यंत सिप बंदच राहते आणि रोजच्या वापरात त्याची कोणतीही खूण पडद्यावर दिसत नाही. एका कामापुरती बंद केलेली सिप वर्षानुवर्षे तशीच राहते, ती बहुधा यामुळेच. या काळात रूट अधिकार मिळवलेला घातक प्रोग्रॅम स्वतःला प्रणालीच्या फाइलींमध्ये दडवू शकतो, तसेच कॅमेरा व मायक्रोफोन यांच्या परवानग्या नोंदवणाऱ्या टीसीसी या विदागारात परस्पर नोंदी करू शकतो.

हल्लेखोर नसतानाही नुकसान होते, याचे ठळक उदाहरण सप्टेंबर २०१९ मधील आहे. गुगल क्रोमच्या अद्ययावतीकरण प्रोग्रॅममधील दोषामुळे अनेक मॅकवरील ‘व्हार’ हा दुवा पुसला गेला. डिस्कच्या मुळाशी असलेला हा दुवा ‘प्रायव्हेट’ फोल्डरातील खऱ्या ‘व्हार’कडे बोट दाखवतो, तो गेला की यंत्र पुन्हा सुरूच होत नाही. सिप चालू असलेल्या यंत्रांवर ही पुसापुशी अडवली गेली. फटका बसला तो सिप बंद असलेल्या किंवा तिची सोयच नसलेल्या यंत्रांना, आणि त्यांत चित्रपट व दूरचित्रवाणी संकलकांची यंत्रे लक्षणीय होती, कारण बाहेरची ग्राफिक्स कार्डे चालवण्यासाठी त्यांच्याकडे सिप बंद ठेवण्याची प्रथा होती. प्रथम संशय गेला तो ॲव्हिड या संकलन सॉफ्टवेअरवर. दुरुस्तीसाठी रिकव्हरीतील टर्मिनलवरून तो दुवा हाताने पुन्हा जोडून त्यावर संरक्षित असल्याची खूण उमटवावी लागे.

सिपचा एखादाच भाग बंद करण्याची सोय आहे. मात्र असा पर्याय अधिकृतपणे समर्थित नसल्याचा इशारा ती आज्ञाच देते. २०२० च्या बिग सर या आवृत्तीपासून डिस्कवरील प्रणालीचा खंड सही करून मोहोरबंद केलेला असतो, त्यामुळे केवळ सिप बंद करून त्यातील फाइली बदलता येत नाहीत. त्यासाठी दुसरी, स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते.