बाळाचं नाव वेगळं ठेवलंय? जन्मदाखल्यावर ते कसं चढवायचं

आधी एक भीती काढून टाका. मुलांची नावं कोणती असावीत याची सरकारकडे यादी नाही. नाव कुठल्या भाषेतलं, कुठल्या धर्मातलं असावं याबद्दल 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात काहीही म्हटलेलं नाही. रुमी ठेवा, इवान ठेवा. खिडकीपलीकडून "हे आपल्यातलं नाव नाही, दुसरं बघा" असं ऐकू आलं, तर ते त्या माणसाचं मत आहे, नियम नव्हे. अर्ज तसाच पुढे करा आणि नाकारलाच तर कारण लेखी मागा.

मी सांगली जिल्ह्यातल्या विट्यात लोकांचे अर्ज भरून देतो. अशा नावांचे अर्ज परत येतात ते नावामुळे नाही, बाकीच्या गोष्टींमुळे.

पहिला घोळ मुदतीचा. बारसं बाराव्या दिवशी, आणि "21 दिवसांत नाव द्यावं लागतं" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मग घाईत काहीतरी नाव लिहून देतात आणि महिन्याभरात पस्तावतात. 21 दिवस आहेत ते जन्म कळवायला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ते काम दवाखान्याचं. नावाची जागा रिकामी ठेवून नोंद होते. नोंदणीच्या तारखेपासून 12 महिने नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे घरात अजून वाद चालू असेल तर खुशाल चालू द्या. एकदा चढलेलं नाव मात्र "आता आवडत नाही" म्हणून बदलून मिळत नाही.

दुसरं, अर्ज कुठे करायचा. जिथे जन्म झाला तिथे. घर खानापूर तालुक्यात आणि बाळंतपण मिरजेत, तर अर्ज सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत. कराडला माहेरी झालं असेल तर कराड नगरपालिकेत. आपल्याकडचे गलाई बांधव, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारे, परराज्यात असतात. बाळ तिकडे जन्मलं असेल तर नोंद तिकडचीच. लहान लेकराला घेऊन लोक आधी इथल्या ग्रामपंचायतीत दोन-तीन हेलपाटे घालतात, आणि हे पहिल्याच दिवशी त्यांना कुणी सांगत नाही याचा मला खरोखर राग येतो.

कागद तसे थोडेच लागतात: अर्ज, नोंदणी क्रमांक किंवा बिननावाचा दाखला, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, आईवडील दोघांचं आधार.

अडतं ते आईच्या आधारावर. पहिलं बाळंतपण माहेरी, आधार अजून माहेरच्या नावाचं, आणि दवाखान्याने लिहिलंय सासरचं नाव. या दोन बायका एकच आहेत हे दाखवणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, आणि तो बहुतेकांनी काढलेलाच नसतो. तो ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत निघतो. लग्नपत्रिका आणि तीन साक्षीदार हाताशी ठेवा. खरं तर दिवस गेल्याचं कळल्यावरच हे काम उरकून घ्यावं.

आता मुख्य गोष्ट, स्पेलिंग. दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीतही येतं. आपण मराठी तपासतो, पण पुढे आधार आणि पासपोर्टला इंग्रजी अक्षरन् अक्षर बघतात. नील हे साधं नाव, पण एन-आय-एल असं टाइप झालं तर इंग्रजीत त्याचा अर्थ 'काही नाही' असा होतो. गेल्या वर्षी तमिळनाडूत गलाईचं दुकान असलेल्या एका घराने मुलाचं नाव एळिलन ठेवलं. तमिळमध्ये एळिल म्हणजे सौंदर्य. बाळंतपण इकडेच झालेलं. तमिळ लोक त्यातला ळ इंग्रजीत झेड-एच असा लिहितात; इथे टायपिंग करणाऱ्याने कानाला ऐकू आलं तसं एल टाकलं. वडिलांनी न वाचता सही केली. तिकडच्या शाळेत भावाचं स्पेलिंग एक पद्धतीचं आणि याचं दुसरं. दुरुस्ती याच नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली होते, पण चूक लिहिण्यातली होती हे पटवून द्यावं लागतं, आणि त्यांच्या अर्जात तर इंग्रजी स्पेलिंग लिहिलेलंच नव्हतं. मग पटवायचं कशावरून?

म्हणून अर्जातच नाव दोन्ही लिपींत, इंग्रजी मोठ्या अक्षरांत सुटं सुटं लिहा आणि अर्जाची पोच घ्या. अंतिम प्रिंटच्या आधी पडद्यावर दाखवायला सांगा. मागे रांग असली तरी अक्षरावर बोट ठेवून वाचा, ओशाळू नका.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. बाळाचं आधारही त्यावरूनच निघतं. दाखला हातात येऊन स्पेलिंग घरात दोघांनी वाचेपर्यंत आधार केंद्राकडे फिरकू नका.