युरोपात ॲप अडलं, पण नेमकं कुठल्या कायद्यामुळे?

५ जुलै २०२३ला फेसबुकवाल्या मेटा कंपनीचं थ्रेड्स हे छोट्या पोस्ट टाकायचं ॲप शंभराहून जास्त देशांत सुरू झालं. भारतात मिळालं, ब्रिटनमध्येही मिळालं. जर्मनी, फ्रान्स, आयर्लंडमध्ये मात्र नाही. ‘युरोपातले प्रायव्हसीचे कायदे कडक, म्हणून अडलं,’ असं तेव्हा बऱ्याच जणांनी धरून चाललं.

पण ब्रिटनकडे बघा. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही तिथे जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा बहुतांशी तसाच राहिला. अडचण त्याचीच असती, तर थ्रेड्स लंडनमध्येही अडायला हवं होतं. शिवाय इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी पुढच्या वर्षी लागू होणाऱ्या कायद्यांकडे बोट दाखवलं होतं, आणि जीडीपीआर तर २५ मे २०१८पासून लागू आहे. रोख होता तो युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टकडे, म्हणजे डीएमएकडे.

जीडीपीआर राखतो माणसाला. माझी माहिती कोण, कशासाठी, कुठल्या आधारावर वापरतं, हे तो विचारतो, आणि गल्लीतल्या दातांच्या दवाखान्यापासून गूगलपर्यंत सगळ्यांना विचारतो. डीएमए राखतो बाजार. सप्टेंबर २०२३मध्ये सहा कंपन्या ‘गेटकीपर’, म्हणजे बाजाराच्या दारावर बसलेल्या बड्या कंपन्या, ठरल्या: अल्फाबेट (गूगलची मूळ कंपनी), ॲमेझॉन, ॲपल, बाइटडान्स (टिकटॉकवाली), मेटा आणि मायक्रोसॉफ्ट. आपल्या दारातून इतरांनाही वाट द्या, असं हा कायदा त्यांना सांगतो.

या दोन कायद्यांत गोंधळ होण्याला कारणही खरं आहे. एका सेवेतला डेटा दुसऱ्या सेवेत मिसळायचा तर वापरणाऱ्याची संमती घ्या, असं डीएमएही म्हणतो. थ्रेड्स तर इन्स्टाग्रामच्या खात्यावरच उभं होतं. १४ डिसेंबर २०२३ला ते युरोपीय संघात आलं, तेव्हा तिथल्या लोकांना प्रोफाइल न उघडता नुसतं वाचायचीही सोय दिली गेली.

ॲपलचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. जून २०२४मध्ये कंपनीने सांगितलं, की डीएमएमुळे ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे तिच्या उपकरणांतली एआयची सोय, युरोपीय संघात लगेच देता येणार नाही. कारण दिलं ते असं, की इतर कंपन्यांना आत वाट दिली तर ग्राहकांची प्रायव्हसी आणि सुरक्षितता धोक्यात येईल. म्हणजे अडचण बाजाराच्या कायद्याची, आणि तक्रारीतला शब्द प्रायव्हसी! मग वाचणारा गोंधळणारच. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपातल्या मॅकवर ही सोय चालू झाली, आयफोनवर मात्र ती थेट मार्च २०२५च्या शेवटी आली. माणूस तोच, जीडीपीआर तोच. फरक एवढाच, की डीएमए ज्यांना लागू होतो त्या सेवांच्या यादीत आयफोनची प्रणाली होती आणि मॅकची नव्हती.

प्रायव्हसीच्या कायद्याने खरोखर अडवलं, की चित्र वेगळं दिसतं. मार्च २०२३च्या अखेरीस इटलीच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने चॅटजीपीटीला इटलीतल्या लोकांचा डेटा वापरायला मनाई केली. त्यांचे प्रश्न असे: एआयच्या प्रशिक्षणासाठी तो कुठल्या आधारावर घेतला, मुलांचं वय का तपासत नाही? २८ एप्रिलला सेवा परत सुरू झाली, तीही बदलून. वय विचारायला लागली, आणि माझा डेटा प्रशिक्षणाला वापरू नका असं सांगायचा अर्ज आला. चार आठवडे सेवा नव्हती हे लोकांच्या लक्षात राहिलं. त्या अर्जाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसराही फरक आहे. इटलीत हुकूम सरकारी यंत्रणेचा होता. थ्रेड्स आणि ॲपल इंटेलिजन्सवर युरोपीय आयोगाने, म्हणजे डीएमए राबवणाऱ्या युरोपीय संघाच्या यंत्रणेने, बंदी घातलेली नव्हती. थांबायचं त्या कंपन्यांनीच ठरवलं. त्याला ‘बंदी’ म्हणणं चूक आहे.

आपल्याकडेही या दोन वाटा वेगळ्याच आहेत. माणसाच्या डेटासाठी २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. मोठ्या कंपन्यांच्या बाजारातल्या ताकदीसाठी डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४मध्ये पुढे आला, आणि त्यातही एका सेवेतला डेटा दुसरीत मिसळण्याआधी संमती घेण्याची अट आहेच.