नवीन बॅटरी टाकली तरी ट्रॅक्टर सेल्फ का घेत नाही?

दिवाळीत बहिणीकडे गेलो तर दाजींचा ट्रॅक्टर वस्तीवर उताराला लावलेला. उताराला लावलाय, म्हणजे गडगडवून चालू करतात, म्हणजेच सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) घेत नाही, हे विचारावंच लागत नाही. पंधरा दिवसांपूर्वी जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये देऊन नवीन टाकलेली, तरी चावी मारली की नुसतं कट् कट्. दाजी म्हणाले, "लाईट बघ की कसली लख्ख लागतीय, बॅटरी ओके आहे, सेल्फच गेला असणार."

हा लाईटचा पुरावा जवळपास सगळेच देतात, आणि तो पुरावाच नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

शाळेतला ओहमचा नियम आठवा, व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. समजा बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत एक जोड गंजलाय आणि त्याचा रेझिस्टन्स आहे फक्त ०.०१ ओहम. दोन हेडलाईट मिळून साधारण १० अँपिअर घेतात, म्हणजे त्या जोडावर गेला ०.१ व्होल्ट, बल्बला पत्ताही लागत नाही. पण सेल्फ ओढतो २००-२५० अँपिअर! तोच जोड, तोच गंज, आणि आता २.५ व्होल्ट वाटेतच खाल्ले गेले, म्हणजे ६२५ वॉट उष्णता त्या एका बोल्टखाली, आणि सेल्फला उरलं काय?

मल्टीमीटरही इथेच फसवतो. चावी बंद असताना बॅटरीला लावला तर १२.६ दाखवतो, आपण खूश, पण मीटर स्वतः जवळपास करंट घेतच नाही, करंट शून्य तर जोडावर खाल्ले जाणारे व्होल्टही (ड्रॉप) शून्य, त्यामुळे सडक्या वायरीच्या दुसऱ्या टोकालाही पूर्ण १२.६ दिसतात.

आणि जोड घट्ट दिसला तरी आतून तसा नसतो. धातूचे दोन सपाट तुकडे एकमेकांवर दाबले तरी ते खरे टेकतात सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर, सगळा करंट त्या मोजक्या ठिपक्यांतून आकसून जातो, आणि मध्ये गंज, रंग किंवा सल्फेटची पांढरी-हिरवी पावडर आली की ठिपके कमी होतात, रेझिस्टन्स वाढतो, जोड तापतो, तापला की गंज आणखी वाढतो. नांगरटीतली थरथर आणि चिखलणीचं पाणी, ट्रॅक्टरला दोन्ही रोजचंच.

म्हणून टेस्ट लोडवर, म्हणजे सेल्फ करंट ओढत असतानाच, करायची. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, स्टॉपची दांडी ओढून धरायची म्हणजे इंजिन चालू होणार नाही, मीटर डीसी व्होल्टवर (अँपिअरवर चुकूनही नाही, मीटर जळेल), आणि दुसऱ्याला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगायचं. दाजींच्या ट्रॅक्टरला सेल्फ मारताना बॅटरीवर १०.८ होते, म्हणजे बॅटरी ठणठणीत (९.६ च्या खाली गेली असती तर संशय घेतला असता). मग मीटरची दोन टोकं वाटेच्या दोन टोकांना लावली, म्हणजे मध्ये किती व्होल्ट खाल्ले जातात ते दिसतं. बॅटरीचा प्लसचा खांब ते सेल्फचा बोल्ट ०.३, हेही ठीक. मग मायनसचा खांब ते इंजिनचा ब्लॉक: २.४! इथे ०.२-०.३ च्या वर जायला नको. अर्थची वायर (मायनसच्या खांबाची, सेल्फचा करंट हिच्यातूनच परत येतो) चेसिसला जिथे कसली होती तो बोल्ट खोलला तर लगखाली (वायरीच्या टोकाची धातूची चकती) रंगाचा जाड थर आणि त्यावर तांबूस गंज. मागे कधीतरी चेसिसला रंग मारताना जागा खरवडायची राहून गेली होती. पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासलं, पुन्हा कसलं, वरून व्हॅसलिन. पुन्हा मोजलं तर ०.१५, आणि स्टॉपची दांडी आत सोडल्यावर पहिल्या सेल्फला ट्रॅक्टर चालू.

बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते असं अजूनही ऐकतो, आजच्या प्लास्टिकच्या डब्यातून करंट जमिनीत जात नाही, ती पडून पडून आपोआप उतरते. बॅटरीत टाकायच्या 'जीवन वाढवणाऱ्या' पावडरींवरही पैसे घालू नका, पातळी कमी झाली तर डिस्टिल्ड वॉटर, बाकी काही नाही. आणि बोनेटला बांधलेल्या लिंबू-मिरचीने बोल्टखालचा गंज निघत नाही, पॉलिश पेपरने निघतो.

खोलताना मायनसची वायर आधी काढा, लावताना ती शेवटी. उलटं केलंत आणि प्लसवरचा पाना चेसिसला टेकला तर शॉर्ट होऊन शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात, आणि चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला तेवढी एक ठिणगी पुरते. दाजींना हे करून दाखवलं, पण जुनी बॅटरी, जी बहुतेक चांगलीच होती, ती तर कधीच भंगारात गेली.