पार्किंग असिस्ट आणि ऑटो पार्क : आधी विचारा, ब्रेक कुणाचा?

"टॉप मॉडेल घेतलंय, गाडी आपली आपण लागते." जुळे सोलापूर असो की होटगी रोड, सोसायटीत नवी गाडी आली की पेढ्यांबरोबर हे वाक्य येतंच. आत डोकावलं तर बहुतेक वेळा निघतं काय? मागचा कॅमेरा, चार सेन्सर आणि बझर. गाडी आपण लागत नसते. लावणारा तोच असतो, गाडी फक्त ओरडत असते.

यात विकत घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याचा दोष जास्त. माहितीपत्रकात 'पार्किंग असिस्ट', 'पार्क असिस्ट', 'स्मार्ट पार्किंग', 'ऑटो पार्क' हे शब्द एकाच रांगेत बसवलेले असतात, आणि काउंटरवरचा माणूस सगळ्याला "हो, आहे ना सर" म्हणतो.

सेन्सर आणि कॅमेरा तुम्हाला माहीतच आहेत, तेव्हा त्यावर फार वेळ घालवत नाही. १ जुलै २०१९ पासून देशात बनणाऱ्या कारला मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, त्यामुळे ते 'टॉप मॉडेल'चं वैशिष्ट्य राहिलेलं नाही. बंपरमधल्या गोल टिकल्या ऐकू न येणारा आवाज सोडतात, तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात आणि बझर वाजवतात. कॅमेऱ्यातल्या पिवळ्या-हिरव्या रेषा स्टिअरिंगबरोबर वळत असतील तर चांगलं, नुसत्याच सरळ असतील तर त्यांचा उपयोग निम्मा. ३६० अंशांचा कॅमेरा म्हणजे चार कॅमेऱ्यांची चित्रं जोडून वरून दिसल्याचा आभास. चित्र कितीही झकास असलं तरी त्याने चाक एक अंशही वळत नाही. याला असिस्ट म्हणा, हरकत नाही. ऑटो म्हणू नका.

ऑटो पार्क तिथे सुरू होतं जिथे स्टिअरिंग स्वतः फिरतं. त्यासाठी गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग लागतं आणि बंपरच्या कोपऱ्यांवर बाजूला पाहणारे जादा सेन्सर लागतात. साधारण हिशेब असा : पुढे चार, मागे चार, बाजूंना चार, एकूण १२. मागचे सेन्सर दीड-दोन मीटरपलीकडचं फारसं बघत नाहीत. बाजूच्यांना मात्र चार-साडेचार मीटर खोल बघावं लागतं, कारण रिकामी जागा तेच मोजतात. शोरूममध्ये गाडीभोवती एक चक्कर मारा आणि बंपरच्या कडेला, चाकाच्या कमानीजवळ टिकली आहे का बघा. नसेल आणि गाडी नुसत्या कॅमेऱ्यांवर चालणारीही नसेल, तर पुढची बडबड ऐकायची गरज नाही.

इथवरचा गोंधळ किरकोळ आहे. फार तर पैसे जास्त जातात. बंपर फुटतो तो पुढच्या गोंधळात. ऑटो पार्कच्याही दोन जाती आहेत. एकीत गाडी फक्त स्टिअरिंग फिरवते; ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर आणि गिअर तुमच्याकडे. दुसरीत हे सगळं गाडी करते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात : बटण तेच, पडद्यावरचं निळं चित्र तेच, आपोआप फिरणारं चाकही तेच. म्हणून पहिल्या जातीच्या गाडीत बसलेला माणूस स्टिअरिंग फिरताना बघतो, भारावतो आणि ब्रेकवरचा पाय ढिला सोडतो.

पहिली जात जुनी आहे. टोयोटाने २००३ मध्ये जपानात प्रियसमध्ये ही सोय दिली, तेव्हाही वेग चालकाच्या पायातच होता. आपल्याकडे फोर्ड एंडेव्हरच्या वरच्या मॉडेलमध्ये, स्कोडा कोडियाकमध्ये मिळालं ते हेच. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, पण सेकंडहँड बाजारात एंडेव्हर फिरतेच आहे आणि एजंट तिला बिनदिक्कत 'ऑटो पार्किंगवाली' म्हणतो. ती रस्त्याच्या कडेला समांतर लागते, तेही ब्रेक तुम्ही मारला तर.

या जातीत गाडी लावायची रीत अशी. बटण दाबा. वेग ताशी ३० च्या आत ठेवा. काटकोनात लावायची असेल तर २० च्या आत. कडेच्या गाड्यांपासून साधारण एक मीटर अंतर राखून सरळ पुढे जात राहा. गाडी सहसा डावीकडची जागा शोधते. सम-विषम तारखेमुळे उजवीकडे लावायची असेल तर उजवा इंडिकेटर द्या, नाहीतर ती उजवीकडे बघतच नाही. "सापडतच नाही" या तक्रारींतल्या निम्म्या तरी इथेच मिटतील. समांतर लावायला गाडीच्या लांबीपेक्षा साधारण ८० सेंटीमीटर जादा जागा लागते. म्हणजे ४.६ मीटरच्या एसयूव्हीला ५.४ मीटर मोकळे हवेत. जागा सापडली तरी पडदा "आणखी पुढे" म्हणेल, तेव्हा पुढे जा आणि "थांबा" म्हणाला की पूर्ण थांबा. रिव्हर्स टाका. हात मांडीवर. अंगठा स्टिअरिंगच्या आऱ्यात अडकवून ठेवायची सवय असेल तर ती इथे सोडा, चाक झटक्याने फिरतं आणि बोट मुरगळतं. बांगड्या, ओढणी यांनाही तीच काळजी.

खरी भानगड इथून पुढे. ऑटोमॅटिक गिअरची गाडी ब्रेक सोडला की आपोआप सरकते. त्या सरकण्यावरच हे काम चालतं : ब्रेक थोडा सोडायचा, थोडा दाबायचा, वेग ताशी सातच्या वर जाऊ द्यायचा नाही. वेग वाढला की यंत्रणा काम सोडून देते. स्टिअरिंग अर्धं वळलेलं, गाडी तिरकी, मागे रिक्षावाला हॉर्नवर, आणि ताबा अचानक तुमच्याकडे. मागची गाडी जवळ आली की बझर सलग वाजतो. तो वाजला म्हणजे गाडी थांबली असं नाही. ती थांबत नसतेच, तुम्ही थांबवायची असते. मग पडदा सांगेल तसं डी टाकून पुढे, पुन्हा आर टाकून मागे.

सगळ्यात जास्त दणके कुठे बसतात? मागचं चाक फुटपाथच्या कडेला किंवा रस्त्यातल्या उंचवट्याला अडतं तिथे. गाडी सरकेना म्हणून माणूस अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, चाक उंचवट्यावर चढतं आणि गाडी एकदम मागे उडी घेते. तोवर ब्रेकवर पाय यायला अर्धा सेकंद जातो आणि तेवढ्यात मागच्याचा दिवा फुटलेला असतो. काही गाड्यांत शेवटच्या क्षणी आपोआप ब्रेक लागतो खरा, पण तो धक्क्याचा जोर कमी करायला असतो, गाडी लावून द्यायला नाही. चाक अडलं तर पार्किंग रद्द करा, हाताने सरळ करा. तिथे हट्ट नको.

दुसऱ्या जातीत पाय मोकळा. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई (नोव्हेंबर २०२४) आणि टाटाची हॅरियर ईव्ही (जून २०२५) यांच्या वरच्या मॉडेलमध्ये हे आलं, आणि तेव्हापासून आपल्याकडे हा विषय फक्त महागड्या परदेशी गाड्यांचा राहिला नाही. तिन्ही इलेक्ट्रिक आहेत, हा योगायोग नाही. गाडीने स्वतः पुढे-मागे व्हायचं तर गिअर तारेवर, म्हणजे नुसत्या विजेच्या इशाऱ्याने, बदलला पाहिजे, ब्रेक संगणकाच्या हुकमाने लागला पाहिजे आणि शेवटी पार्किंग ब्रेक मोटरने ओढला गेला पाहिजे. बऱ्याच नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत हे सगळं आधीपासून असतं.

यावरूनच दुकानात दोन मिनिटांत निकाल लागतो. दोन सीटच्या मधे हाताने ओढायचा हँडब्रेक दिसला की ती गाडी दुसऱ्या जातीची नाही. क्लच पेडल दिसलं तरी नाही. मॅन्युअल गाडीत फार तर स्टिअरिंग फिरेल. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आणि तारेवरचा गिअर दिसला तर पुढचा प्रश्न विचारा : "पार्किंग चालू असताना मी ब्रेकवरून पाय काढायचा का?" विक्रेता अडखळला तर डेमो मागा. एक मधलीही जात आहे, त्यात ब्रेक गाडी मारते पण डी-आर तुम्हीच बदलायचं. म्हणून "फुल्ली ऑटोमॅटिक आहे ना?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. स्टिअरिंग कोण, ब्रेक कोण, गिअर कोण, असे तीन वेगळे प्रश्न विचारा.

दुसऱ्या जातीतही एक खोच आहे. पुष्कळ गाड्यांत पार्किंग संपेपर्यंत बटण दाबून धरावं लागतं, बोट सुटलं की गाडी थांबते. लोकांना हा बिघाड वाटतो. बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेली खबरदारी आहे : माणसाचं लक्ष उडालं तर गाडी थांबावी. आणि पाय मोकळा असला तरी ब्रेकवर अलगद टेकलेला असू द्या. गाडी चालवताय ती तुम्हीच, ठोकली तर भरपाईही तुमच्याच विम्यातून.

कारण दोन्ही जातींचे डोळे सारखेच आंधळे आहेत, आणि सोलापूरच्या रस्त्यावर आंधळेपणाला वाव भरपूर. सेन्सरला आवाज परतून यावा लागतो. उघड्या गटाराच्या खड्ड्यातून काय परतणार? झाकण गेलेलं गटार त्याच्या लेखी सपाट रस्ता. उसाच्या ट्रॉलीचा मागचा भाग बंपरच्या वर असतो, त्याच्याखालून आवाज निघून जातो. टेंपोतून बाहेर आलेल्या सळया, दुकानापुढची साखळी, बारीक लोखंडी खांब हे हुकतात. चादरींच्या गठ्ठ्यांनी भरलेली हातगाडी तर खास : कापूस आणि कापड आवाज पिऊन टाकतं, त्यामुळे ती असते त्यापेक्षा लांब वाटते किंवा वाटतच नाही. चाटी गल्लीच्या बाजूला गाडी लावताना आरसा आणि कॅमेरा बघा, बझरवर विसंबू नका.

दुचाक्यांची रांग ही वेगळी डोकेदुखी. यंत्रणेला हव्यात दोन सरळ कडा, म्हणजे दोन लावलेल्या गाड्या आणि मधे मोकळी जागा. नवी पेठेत साइड स्टँडवर तिरक्या उभ्या केलेल्या मोटारसायकली असतात. कुणाचं हँडल पुढे, कुणाचं चाक मागे. सेन्सरला मिळणारं अंतर सारखं उड्या मारतं, जागा मान्य होत नाही. मान्य झालीच तर ती तुमच्या आधी एखादी स्कूटी पकडते. कडेला एकही गाडी नसेल तरी अडचण, कारण नुसत्या सेन्सरच्या यंत्रणेला कशाच्या आधाराने सरळ व्हायचं ते कळत नाही. पांढरे पट्टे ओळखायला कॅमेऱ्याची यंत्रणा लागते आणि पट्टेही दिसायला लागतात. माझं मत स्पष्ट आहे : फक्त पेठांत फिरणारी गाडी असेल तर ऑटो पार्कसाठी वरचं मॉडेल घेऊ नका. चांगला ३६० कॅमेरा जास्त उपयोगी पडेल.

जिथे ऑटो पार्क खरंच चालतं ती जागा म्हणजे अपार्टमेंटखालचं पार्किंग, मॉल, मोठ्या हॉस्पिटलचं तळघर. खांब, भिंत, सपाट फरशी. आणि दोन खांबांमधे दार उघडायलाही जागा नसते तिथे रिमोटचा प्रकार कामाचा : उतरायचं, किल्लीवरून गाडी सरळ आत घालायची. युरोपच्या नियमात अशा वेळी माणूस गाडीपासून सहा मीटरच्या आत असावा लागतो. तेवढं अंतर इथेही पाळा. भर रस्त्यात, बघे जमवून, किल्लीने गाडी नाचवायचा प्रकार मात्र चीड आणणारा आहे. मधून एखादं पोर धावत आलं तर किल्लीवरचं बटण सोडायला तुम्हाला वेळ मिळेलच असं नाही.

घेतल्यावर बिघडतं ते बहुधा मालकाच्या हौसेने. पुढे बुलगार्ड बसवलं की सेन्सर त्यालाच अडथळा समजतात (तसंही ते बेकायदा आहे). बंपर रंगवताना सेन्सरवर जाड थर चढला की ऐकू येणं कमी होतं. उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातला काळा चिखल टिकल्यांवर बसतो, तो ओल्या मऊ फडक्याने पुसा. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची नळी किमान फूटभर लांब धरायला सांगा. आणि टायर. गाडी किती सरकली हे यंत्रणा चाकाच्या फेऱ्यांवरून मोजते. मोठ्या मापाचे टायर घातले किंवा एका बाजूची हवा कमी असली की तिचा हिशेब चुकतो, गाडी फुटपाथपासून लांब किंवा तिरकी लागते. व्हील अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग सरळ असूनही गाडी वाकडी लागत असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सर (स्टिअरिंग किती वळलंय ते मोजणारा) शून्यावर आणून द्यायला सांगा. हे काम स्कॅनरने होतं आणि अलाइनमेंटवाल्याकडे तो नसेल तर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.