मोटारसायकलच्या धुरातला अर्धवट जळालेला कार्बन

परवा शेजारचे एक कास्तकार नापास पीयूसीची, म्हणजे गाडीच्या प्रदूषण तपासणीची, चिठ्ठी घेऊन आले. २०१४ची मोटारसायकल. हिंगणघाटच्या कापूस बाजारापासून वावरापर्यंत रोजची धाव. म्हणाले, "सर, माही गाडी तं मस्त चालते जी. धूरबी दिसत नाही. त्याची मशीनच खराब असन."

चिठ्ठीवर दोन आकडे होते : सीओ ५.२ टक्के आणि एचसी, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, १,४०० पीपीएम (दहा लाख भागांत १,४०० भाग). या वयाच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला सीओ ३.५ टक्के आणि एचसी ४,५०० पीपीएमपर्यंत चालतो. म्हणजे गाडी एकाच विषयात नापास होती. डोळ्यांना धूर न दिसण्याचं म्हणाल, तर सीओला, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला, रंगही नाही आणि वासही नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. म्हणून थंडीत बंद पडवीत गाडी सुरू करून ठेवू नये, हे मी शाळेत दरवर्षी सांगतो.

पण हा वायू येतो कुठून? पेट्रोल नीट जळालं तर सीओ तयारच होत नाही, असं बहुतेकांना वाटतं. खरी गोष्ट याहून सुंदर आहे. उत्तम जळणाऱ्या इंजिनातही पेट्रोलमधला जवळजवळ प्रत्येक कार्बन आधी सीओ होतो आणि मगच कार्बन डायऑक्साइड. जळण्याच्या या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी झपाट्याने पार पडते. दुसरी सावकाश होते, आणि तिला नुसता ऑक्सिजन पुरत नाही. तिथे काम करतो हायड्रॉक्सिल, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांची जोडी. ही जोडी ज्वाळेत क्षणभरच जगते. सीओला ती गाठते, आपला ऑक्सिजन देते आणि सुटा हायड्रोजन मागे ठेवते. तो हायड्रोजन पुन्हा ऑक्सिजनवर आदळून नवी जोडी घडवतो. अशी साखळी चालते.

आता पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली तर? १ ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा त्याहून कमी पडली की शिल्लक राहिलेले पेट्रोलचे तुकडे या हायड्रॉक्सिलवर आधी हात मारतात, कारण त्यांच्याशी त्याची क्रिया सीओपेक्षा वेगाने होते. सीओ ताटकळत राहतो. तोवर पिस्टन खाली जातो, वायू पसरून थंड होतो आणि दुसरी पायरी अर्ध्यावर गोठते. रिकाम्या गतीला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन सुरू असताना, मिनिटाला १,४०० फेरे धरले, तर पिस्टनच्या वरून खाली येण्याला सुमारे २१ सहस्रांश सेकंद मिळतात. जे काही जळायचं ते एवढ्यातच.

पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांची, चूल विझत आली की निखाऱ्यांवर फिकट निळी ज्योत नाचते, ती घरोघरी पाहिलेली असते. ती सीओचीच. निखाऱ्यांत तयार होऊन वर आला, हवा मिळाली आणि तिथे दुसरी पायरी पूर्ण झाली. सायलेन्सरमध्ये ती संधी त्याला मिळत नाही.

आता एचसीकडे, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलकडे, पाहू. प्लगची ठिणगी चुकत असती तर एचसी वाढला असता आणि सीओ कमीच राहिला असता, कारण जे पेटलंच नाही त्याचा सीओ कसा होणार? इथे उलट आहे. ठिणगी ठीक, हवा कमी.

हवा कमी म्हटलं की सगळे एअर फिल्टरकडे धावतात. आमच्याकडे ते रास्तही आहे. काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या रस्त्यावर उडणारे कापसाचे तंतू फिल्टरला चादरीसारखे चिकटतात. पण तपासणी रिकाम्या गतीवर होते. तेव्हा इंजिन इतकी थोडी हवा ओढतं, की फिल्टर थोडा कोंदला असला तरी फारसा फरक पडत नाही. अशा वेळी पाहायचा तो कार्ब्युरेटरमधला रिकाम्या गतीचा बारीक हवामार्ग, जिथून पेट्रोलमध्ये थोडी हवा मिसळते. फिल्टरचा स्पंज फाटला की धूळ थेट तिथे पोचते. मार्ग बुजला की हवा घटते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. अर्धवट अडकलेला चोकही हेच करतो.

त्यांच्या गाडीत स्पंज फाटलेला निघाला. मेकॅनिकने तार घालायला घेतली तेव्हा मी थांबवलं, कारण तारेने भोक कायमचं मोठं होतं. कॉम्प्रेसरच्या हवेने मार्ग मोकळा केला, स्पंज नवा घातला, मिश्रणाचा स्क्रू जागेवर आणला. स्क्रू तेवढा तपासणीपुरता फिरवून कागद मिळवण्याची पद्धत मी पाहिली आहे. तशाने गाडीचा सीओ रोज रस्त्यावर येतच राहतो. काही ठिकाणी गाडी न नेताही कागद मिळतो, त्याचा मला राग येतो.

यात्रेत पेट्रोलच्या नळीला लावायचे चुंबकही विकतात, 'अॅव्हरेज वाढते, प्रदूषण घटते' असं सांगून. पेट्रोलला चुंबक धरत नाही आणि त्याच्या जळण्यात काही फरक पडत नाही. त्यावर पैसे घालू नका. हँडलला बांधलेल्या लिंबू-मिरचीनेही सीओ कमी होत नाही.

१ एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक नियमांच्या) गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सरच्या सांगण्यावरून ठरतं, तिथे कार्ब्युरेटर नसतो. तिथे आधी डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा पाहा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी दहा मिनिटं चालवून इंजिन गरम केलं, चोक लावलेला नसल्याची खात्री केली आणि तपासणीला गेले. सीओ २.१ आला. एचसीही थोडा उतरला होता. "हा काऊन उतरला?" असं त्यांनी विचारलं. पेट्रोल कमी शिल्लक राहिलं म्हणून, मी म्हटलं, आणि चिठ्ठीच्या मागे दोन्ही पायऱ्या काढून दाखवल्या.