विद्युत् दोषशोधन, जुन्या मोटारगाडीतील

संगणकीय नियंत्रण येण्यापूर्वीच्या मोटारगाडीत विजेचा बिघाड नेमका कोठे आहे, हे मोजमापाने ठरविण्याची पद्धत. या गाड्यांत विद्युत् मंडलाची (सर्किटची) परतीची वाट तारेची नसते. बॅटरीचा एक ध्रुव धातूच्या सांगाड्याला जोडलेला असल्याने प्रत्येक दिव्याला एकच तार पुरते. जमिनीशी काही संबंध नसला, तरी या जोडणीला ‘अर्थिंग’ म्हणण्याचा प्रघात आहे. पन्नाशी गाठलेल्या गाडीत पुष्कळसे दोष उपकरणांत नव्हे, तर या परतीच्या वाटेवर गंजलेल्या जोडांत सापडतात.

कोणता ध्रुव सांगाड्याला जोडावा, याविषयी कारखानदारांत दीर्घकाळ एकमत नव्हते. ब्रिटिश गाड्या साधारणतः १९३० च्या दशकात धन अर्थिंगकडे (धन ध्रुव सांगाड्याला जोडण्याकडे) वळल्या आणि १९६० च्या दशकात बहुतेकांनी ऋण अर्थिंग स्वीकारले, एम. जी. बी. या गाडीत हा बदल १९६७ च्या सुमारास झाला. धन अर्थिंगची कारणे दोन प्रकारे सांगतात. पहिले ठिणगीचे : प्लगचे मधले विद्युत् अग्र अधिक तापते, तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून ते ऋण ठेवल्यास ठिणगीला कमी विद्युत् दाब (व्होल्टेज) लागतो. तत्त्व बरोबर आहे. परंतु त्या अग्राची ध्रुवता प्रज्वलन कॉइलच्या जोडणीवर अवलंबून असते. प्राथमिक वेटोळ्याची टोके उलटी जोडली की कोणत्याही अर्थिंगमध्ये ते ऋण करता येते. दुसरे कारण क्षरणाचे : ओल शिरली की विद्युत् अपघटनाने धन बाजूचा धातू झिजतो. सांगाडा धन असल्यास झीज जाड पत्र्यावर जाते आणि तांब्याची बारीक तार वाचते. दूरध्वनी केंद्रांत याच हेतूने धन ध्रुव जमिनीला जोडून ऋण ४८ व्होल्ट वापरतात. हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. दोषशोधनात या वादाला एवढेच महत्त्व की, ऋण अर्थिंगसाठी बनविलेला अल्टरनेटर (प्रत्यावर्ती वीज निर्माण करून डायोडांनी ती एकदिश करणारे जनित्र) धन अर्थिंगच्या गाडीत तसाच जोडला, तर त्यातील डायोड तत्काळ जळतात. डायनॅमोची (जुन्या एकदिश जनित्राची) ध्रुवता मात्र क्षेत्र वेटोळ्याला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन उलटविता येते.

मोजणीची सुरुवात बॅटरीपासून होते. सहा घटांची शिसे-अम्ल बॅटरी पूर्ण भारित व विसावलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. आकडा १२ च्या खाली गेला, तर ती जवळजवळ रिकामी समजतात. पुढे रोध मोजण्याचा मोह होतो, पण तो फसवा आहे. स्टार्टरच्या जाड तारेच्या जोडात ०.०१ ओहम रोध असेल, तर तो साध्या मापकाला दिसतच नाही. त्या मापकाच्या स्वतःच्या तारांचा रोध याहून जास्त भरतो. स्टार्टरने १५० अँपिअर ओढताच मात्र त्याच जोडावर दीड व्होल्ट खर्ची पडतो. म्हणून भार चालू ठेवून जोडाच्या दोन बाजूंमधील दाबपात मोजतात. ५५ वॉटचा दिवा १२ व्होल्टला सुमारे ४.६ अँपिअर घेतो. त्याच्या वाटेत गंजाने अर्धा ओहम रोध आणला, तर जवळपास २ व्होल्ट तेथेच जातात. तंतूचा प्रकाश दाबाच्या साधारण साडेतिसऱ्या घाताप्रमाणे बदलत असल्याने तो निम्म्याच्या आसपास येतो. असा दिवा कितीदा बदलला, तरी उजेड वाढत नाही.

अर्थिंग पूर्ण तुटल्यास लक्षणे चमत्कारिक दिसतात. मागच्या दिव्यात २१ आणि ५ वॉटचे दोन तंतू असलेला एकच बल्ब असतो. त्याचे अर्थिंग गेलेले असताना ब्रेक दाबला, की प्रवाह २१ वॉटच्या तंतूतून येऊन ५ वॉटच्या तंतूतून उलटा निघतो आणि त्याच तारेवरचे इतर दिवे मंद पेटतात. येथे खोट स्विचमध्ये शोधण्यात वेळ जातो. बल्बच्या कपापासून सांगाड्यापर्यंत तात्पुरती तार लावली, की लक्षण नाहीसे होते.

उभ्या गाडीची बॅटरी रात्रीतून उतरत असेल, तर बॅटरीची एक तार सोडवून मध्ये अँपिअरमापक घालतात आणि फ्यूज एकेक करून काढतात; ज्याने आकडा उतरतो त्या मंडलात गळती असते. घड्याळाखेरीज या गाड्यांत विश्रांतीच्या वेळी प्रवाह घेणारे सहसा काही नसते. डायनॅमोच्या गाडीत कटआउटचे (डायनॅमो थांबल्यावर त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्वयंचलित स्विचचे) संपर्क चिकटले, तर बॅटरी डायनॅमोतूनच रिकामी होते. हा मार्ग बहुधा फ्यूजमधून जात नसल्याने सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलत नाही. अशा वेळी डायनॅमोची तार सोडवून पाहावी लागते.